ताकोत्सुबोचा ‘प्रकार’ वाचून घाबरू नका

तुम्ही विचारलंय की आईच्या एको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टवर ‘मिड-व्हेंट्रिक्युलर ताकोत्सुबो’ आहे, पण नेटवरच्या चित्रांत हृदयाचं टोक फुगलेलं दिसतं, मग निदान चुकलं का? ताकोत्सुबो म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूचा एक भाग, अनेकदा मोठ्या ताणानंतर, तात्पुरता ढिला पडतो तो आजार; मिड-व्हेंट्रिक्युलर म्हणजे मधल्या भागातला. तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. बरीच वर्षं एको करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या चित्रांतला प्रकार म्हणजे एपिकल. प्रोब ठेवला की डाव्या कप्प्याचं टोक ढिम्म दिसतं आणि वरचा, झडपांजवळचा भाग जिवाच्या आकांताने आकुंचन पावत असतो. गोल पोट, अरुंद मान. जपानी डॉक्टरांना यात ऑक्टोपस पकडायचं मडकं दिसलं, 1990 पासून तेच नाव चिकटलं. आईच्या बाबतीत टोक आणि वरचा भाग हलतोय, मधला पट्टा ढिम्म आहे. आजार तोच, जागा वेगळी. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1750 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत एपिकल सुमारे 82 टक्के होते, मधला प्रकार 15 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दुर्मीळही नाही.

उलटा, म्हणजे टोक हलतं पण झडपांजवळचा भाग ढिम्म असतो तो बेसल प्रकार मात्र जेमतेम 2 टक्के. तो दिसला की मी रिपोर्ट देताना डॉक्टरांशी स्वतः बोलतो, कारण मागे मेंदूतला रक्तस्राव किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ असू शकते. फोकल प्रकारात छोटासाच तुकडा बिघडतो. तो हार्ट अटॅक किंवा मायोकार्डायटिससारखा (हृदयाच्या स्नायूला आलेली सूज) भासतो, तिथे एमआरआयची मदत होते.

उपचारात फरक पडतो तो मुख्यतः गुंतागुंतीमुळे. एपिकलमध्ये जोरात आवळणारा वरचा भाग कधी कधी रक्ताची वाटच अडवतो. बीपी पडतं, आणि अशा वेळी हृदयाचा जोर वाढवणारं औषध दिलं तर अडथळा आणखी वाढतो. निपचित टोकात गुठळी झाली का, तेही बघावं लागतं.

माझ्या मते प्रकारापेक्षा ‘कशाने झालं’ हे जास्त महत्त्वाचं. मोठं आजारपण, शस्त्रक्रिया, दम्याचा अटॅक अशा शारीरिक कारणाने झालेला ताकोत्सुबो मानसिक धक्क्यामुळे झालेल्यापेक्षा जास्त त्रास देतो. आणि त्याच नोंदींत चौथ्या हिश्शाहून अधिक रुग्णांत कारणच सापडलं नव्हतं. तेव्हा ‘आईला कोण काय बोललं’ याची घरात चौकशी लावू नका, प्लीज.

आता तुमचं काम. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा एको होणार आहे ना, विचारून घ्या. भिंतींची हालचाल बहुतेकदा तोवर पूर्ववत होते. तेव्हा आत्ताच्या एकोची सीडी सोबत न्या, नुसता कागद नको. ईसीजीत क्यूटी (प्रत्येक ठोक्याच्या विद्युत लहरीतला एक ठरावीक कालावधी) लांबलाय का तेही विचारा. लांबला असेल तर कुठलंही नवीन औषध, अगदी साधं अँटिबायोटिकसुद्धा, डॉक्टरांना ते सांगूनच सुरू करायचं. आणि छातीत पुन्हा दुखलं तर ‘ताकोत्सुबोच असेल’ म्हणून घरी थांबू नका. हार्ट अटॅक आहे की हे, ते लक्षणांवरून आम्हालाही सांगता येत नाही.