शून्य कुठून मोजायचा?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीच्या पानांचे फोटो मिळाले. चौथ्या उदाहरणात १० अंश सेल्सिअस तापमानाचा २ लिटर वायू स्थिर दाबाखाली २० अंशांपर्यंत तापवल्यावर ४ लिटर झाला, असे तू आधी लिहिले होतेस. शेजारी लाल शाईत ‘केल्विन!’ असा शेरा आहे आणि त्याखाली तूच २.०७ लिटर हे बरोबर उत्तर काढले आहेस. सेल्सिअसचे केल्विन करताना २७३ मिळवायचे विसरू नये म्हणून एखादी युक्ती सांगा, असे तू लिहितेस. युक्ती सांगता येईल, पण ते २७३ कशासाठी मिळवायचे हे एकदा नीट उमगले, तर तिची गरज पडणार नाही.

तेच उदाहरण फॅरनहाइटमध्ये करून पाहा. १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० अंश फॅरनहाइट आणि २० म्हणजे ६८. आता ६८ला ५०ने भागले की आकारमान २.७२ लिटर येते. म्हणजे तोच वायू, तेच तापवणे, आणि तापमापक बदलला म्हणून उत्तर ४ वरून २.७२ वर आले. भिंतीवर कोणता तापमापक टांगला आहे याची वायूला काय खबर? दोन्ही उत्तरे चूक आहेत आणि दोन्हींचे कारण एकच आहे: ज्या मापाचा शून्य आपण सोयीने ठरवला आहे, त्या मापातील आकड्यांचे गुणोत्तर घेण्यात काही अर्थ नसतो. सेल्सिअसचा शून्य हा बर्फाच्या वितळण्याचा आहे. चंबूतल्या हवेचा त्याच्याशी कसलाही संबंध नाही.

आपल्याकडच्या कालगणनेत हे फार चांगले दिसते. इसवी सन १९५० मध्ये जन्मलेला माणूस २००० साली पन्नास वर्षांचा झाला. शके १८७२ ते शके १९२२ असे मोजले तरी तो पन्नासच वर्षांचा राहतो. फरक दोन्हीकडे सारखाच येतो. पण २०००ला १९५०ने भागून आलेला आकडा आणि १९२२ला १८७२ने भागून आलेला आकडा एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांतला कोणताही त्या माणसाविषयी काही सांगत नाही. चार्ल्सच्या नियमात (स्थिर दाबाखाली वायूचे आकारमान तापमानाच्या प्रमाणात वाढते) आपण तापमानांचा भागाकार करतो, वजाबाकी नव्हे; म्हणून तिथे शून्य खरा असावा लागतो.

तो खरा शून्य वायूंनीच दाखवून दिला. गे-ल्यूसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बर्फाच्या तापमानाला १०० भाग असलेला वायू उकळत्या पाण्याच्या तापमानाला सुमारे १३७.५ भाग होतो असे आढळले, आणि वायू कोणताही घेतला तरी ही वाढ जवळजवळ सारखीच होती. पुढे अधिक काटेकोर मोजणीत ही वाढ दर अंशाला शून्य अंशावरील आकारमानाच्या १/२७३ इतकी ठरली. आलेखावरची ती सरळ रेषा डावीकडे मागे वाढवलीस की ती –२७३.१५ अंशांवर तापमानाच्या अक्षाला मिळते. प्रत्यक्षात तिथवर कोणताही वायू वायुरूपात पोहोचत नाही (ऑक्सिजन –१८३ अंशांवरच द्रव होतो), पण रेषेचा रोख तिकडेच असतो. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, कोणत्याही एका पदार्थाच्या गुणधर्मावर न विसंबणारी निरपेक्ष तापमानश्रेणी १८४८ मध्ये मांडली. म्हणून २७३ मिळवणे हा सूत्राआधीचा उपचार नाही. आपण मोजपट्टीचे टोक योग्य जागी नेऊन ठेवतो, इतकेच.

हीच चूक दाबाच्या बाबतीत अधिक बेमालूमपणे होते, आणि ती मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी काँप्रेसरच्या टाकीत किती हवा मावते हे मी काढले. तापमान केल्विनमध्ये घेतले, दाब मात्र गेजवर दिसला तो, ७ बार, तसाच घातला. साहेबांनी कागद परत करताना एवढेच विचारले, “व्हॉल्व्ह उघडा ठेवला आणि काटा शून्यावर आला, तर टाकीत हवा नसते का?” गेज वातावरणाच्या दाबाहून जास्तीचा दाब तेवढा दाखवतो; वातावरणाचा सुमारे १ बार मिळवून दाब ८ बार धरायला हवा होता, माझे उत्तर आठव्या हिश्शाने कमी आले होते.

गाडीच्या टायरचे उदाहरण घे. सकाळी १५ अंशांना ३३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवा भरली आणि महामार्गावर टायरमधली हवा ४५ अंशांपर्यंत तापली. सेल्सिअसने भागाकार केलास तर दाब तिप्पट, म्हणजे ९९ पीएसआय येईल; तसे असते तर रोज दुपारी रस्तोरस्ती टायर फुटले असते. केल्विन घेऊन गेजचाच आकडा ३१८/२८८ ने गुणलास तर ३६.४ येते, आणि हे उत्तर पटण्यासारखे दिसते म्हणूनच फसवे आहे. वातावरणाचे १४.७ आधी मिळवून, गुणून, शेवटी पुन्हा वजा केलेस की सुमारे ३८ येते. टायरचे आकारमान बदलत नाही असे धरले, तर बरोबर उत्तर हेच.

उलट चूकही होते. तुझ्या नवव्या उदाहरणात पाणी ३० अंशांनी तापवले आहे आणि तू तिथे ३०३ लिहिले आहेस. तो तापमानातील फरक आहे. फरक सेल्सिअसमध्ये आणि केल्विनमध्ये सारखाच असतो, तिथे काहीही मिळवायचे नाही. २७३ घ्यायचे की २७३.१५, याची काळजी मात्र सोडून दे. दिलेले तापमान पूर्ण अंशांत असताना दशांशांचा आग्रह व्यर्थ आहे. आणि ‘३०० अंश केल्विन’ असे लिहू नकोस. १९६७ पासून त्यातला अंश अधिकृतपणे गेला आहे, नुसते ३०० केल्विन लिही.

सातव्या उदाहरणातला दाब गेजचा आहे, हे वाक्याच्या शेवटी बारकाईने दिलेले आहे. ते पुन्हा सोडवून पाठव.

कळावे.
तुझे सर