टीडीएस कापला पण २६एएसमध्ये दिसत नाही

पगाराच्या स्लिपवर दरमहा टीडीएस (पगारातूनच कापलेला आयकर), २६एएसमध्ये (आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता) भोपळा, आणि वर खात्याकडून तोच कर भरा म्हणून डिमांड. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. माझंही डिट्टो हेच झालं होतं. भोसरीतली एक छोटी कंपनी दर महिन्याला ४,२०० रुपये कापायची आणि भरायची मात्र नाही.

टॅन (कंपनीचा करकपातीचा क्रमांक), पॅन तुम्ही तपासलंच असेल, त्यात शिरत नाही. एकच सांगतो: पोर्टलवर डिमांडला उत्तर देताना 'डिमांड बरोबर आहे' हा पर्याय चुकूनही निवडू नका. मी निवडला. अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, "आत्ता हो म्हणून टाका, आम्ही टीडीएसचं रिटर्न रिव्हाइज केलं की आपोआप निघेल." एकदा हो म्हटलं की नंतर असहमती नोंदवता येत नाही, हे मला सबमिट केल्यावर कळलं. पुढच्या वर्षीचा माझा १८ हजारांचा रिफंड सरळ त्या डिमांडमध्ये वळता झाला. मी कंपनीत खेटे घालत राहिलो. बाईंनी एकदा टेबलावरच्या काचेखालून चलान काढून दाखवलं, "हे बघा, भरलंय." नीट वाचलं तर ते पीएफचं! चहा मात्र दरवेळी मिळायचा.

१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम २०५ स्पष्ट आहे: पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढी रक्कम पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. सीबीडीटीने (आयकर खात्याच्या वरचं केंद्रीय मंडळ) २०१५ आणि २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना तसं कळवलंही आहे. रिफंडातून वळती करणं हीसुद्धा आडमार्गाने वसुलीच, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं. तरी यंत्रणा आपोआप डिमांड काढते आणि धावपळ आपली. म्हणून 'असहमत' निवडा, सोबत स्लिपा आणि निव्वळ पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडा. (मी सीए नाही. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा जाणकाराला दाखवून घ्या.)

आणि स्लिपा आजच स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. राजीनामा दिल्यावर माझं लॉगिन त्याच संध्याकाळी बंद केलं. सात महिन्यांच्या स्लिपा आतच राहिल्या, आणि त्या मागायला पुन्हा त्याच बाईंकडे जावं लागलं.