तारेच्या तोंडाशी : रिंग लावलेल्या पायाची निगा

पाय लांब करण्यासाठी बाहेरून रिंग लावलेल्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं या वेळी इतकी आली, की आजची सगळी जागा त्यांनाच देते. रिंग म्हणजे पायाभोवती बसवलेली धातूची कडी. तिला जोडलेल्या बारीक तारा किंवा जाड पिना कातडीतून हाडात जातात. तार जिथे कातडीत शिरते, त्या भोकाला मी तारेचं तोंड म्हणते.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा आहे. तान्हेपणी हाडात पू झाला होता, त्यामुळे डावा पाय ४ सेंटिमीटर आखूड राहिला. तीन आठवड्यांपूर्वी रिंग लावली. दोन दिवसांपासून वरच्या तारेपाशी पाण्यासारखं काही येतं आणि वाळून खपली धरते. सासूबाई हळद भरा म्हणतात. आमचं काही चुकलं का? — एक आई, निफाड

ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. हे का होतं ते आधी सांगते. शस्त्रक्रियेत हाड कापतात आणि त्यानंतर साधारण आठवडाभरानं त्याची दोन टोकं रोज १ मिलिमीटरनं दूर न्यायला सुरुवात होते, तीही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. हा वेग सायबेरियातल्या कुर्गानला गावरील इलिझारोव्ह या हाडांच्या डॉक्टरांनी बसवला. घाई केली तर मधल्या फटीत नवं हाड धरत नाही, फार रेंगाळलं तर वेळेआधीच जुळून बसतं. तारा हाडाबरोबर सरकतात, कातडी मात्र मागे राहते. म्हणून तारेपाशी ती रोज थोडी कापली जाते आणि थोडी भरते. तिथून पातळ, पाण्यासारखी किंवा फिकट पिवळी लस येणारच. दुखत नसेल, कातडी लाल आणि गरम नसेल, तर ती लसच आहे, पू नाही.

हळद मात्र नको. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण घरातली हळद निर्जंतुक नसते. तिचा लगदा तोंडात बसला की लस बाहेर पडायची वाट बंद होते आणि आत साचते. शिवाय पिवळ्या डागाखाली लाली दिसतच नाही, आणि आपल्याला तर लालीवरच नजर ठेवायची आहे.

साफ करताना आधी हात साबणानं नीट धुवा. प्रत्येक तारेला गॉजचा (जाळीदार पट्टीच्या कापडाचा) नवा तुकडा घ्या. एका तोंडाची घाण दुसऱ्या तोंडाला लावायची नाही. कापूस वापरू नका. मध्यंतरी एका मुलाची तार सारखी लाल होत होती. भिंग घेऊन पाहिलं तर कापसाचा एक धागा तारेला गुंडाळून आत गेला होता. तो काढला आणि चार दिवसांत तोंड शांत झालं. क्लोरहेक्सिडीनचं जंतुनाशक द्रावण की सलाईन (निर्जंतुक मिठाचं पाणी), रोज की आठवड्यातून एकदा, यावर डॉक्टरांचं जगभर एकमत नाही. म्हणून तुमच्या सर्जननं जी पद्धत शिकवली आहे, तीच धरा आणि शेजारच्या खाटेवरच्याचं ऐकून बदलू नका. खपलीबद्दलही मतं वेगवेगळी आहेत. माझं असं आहे : खपली कोरडी असेल आणि खाली काही साचलं नसेल, तर तिला हात लावत नाही. खाली ओलं असेल, तर सलाईननं भिजवून अलगद काढते, नखानं कधीच नाही.

शेवटी गॉजची घडी तारेभोवती हलक्या दाबानं बसवा. हे बरेच जण सोडून देतात, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. कातडी तारेवर वर-खाली सरकत राहिली, तर कितीही धुतलं तरी तोंड चिघळतं.

प्रश्न : अपघातात नडगीचं हाड गेलं, म्हणून रिंग लावून हाड सरकवणं चालू आहे. कालपासून एक तार ठणकते, घट्ट पिवळं येतं. ताप नाही. मित्राच्या घरी अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या आहेत, त्या चालतील का? — कामगार, सातपूर

नाही दादा. हा पू आहे. आज, फार तर उद्या सकाळी, सर्जनला दाखवा. तारेच्या तोंडाशी बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो आणि वेळेत सुरू केलेल्या तोंडी औषधानं तो सहसा आटोक्यात येतो. पण पूर्ण मुदतीनं घेतलं तरच. चार उसन्या गोळ्यांनी ठणका दबतो, जंतू राहतो आणि पुढे तपासणीला पाठवलेल्या पुवातही तो सापडत नाही. तोवर पाय उशीवर उंच ठेवा, चालणं कमी करा, सफाई रोज करा. हाड सरकवणारे रिंगचे नट फिरवणं मात्र मनानं थांबवू नका, त्याचा निर्णय सर्जनला घेऊ द्या.

आणखी एक बघायला सांगा. तार ताणलेली हवी. मोठ्या माणसात १.८ मिलिमीटरची ही तार चांगली खेचून बसवलेली असते. बोटानं टिचकी मारली तर ताठ लागते. ती सैल पडली असेल, तर पावलागणिक कातडी घासते आणि नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. तार पुन्हा ताणावी लागते किंवा काढून दुसरीकडे घालावी लागते. एक्स-रेत तारेभोवती काळी कडी दिसली, तर हाडालाही झळ लागली आहे असं समजतात.

थंडी वाजून ताप आला, लाली वर चढू लागली किंवा गुडघा सुजून वाकवता येईना, तर सकाळची वाट बघू नका. गुडघ्याजवळची तार कधी कधी सांध्याच्या आवरणातून गेलेली असते. तिथला पू सांध्यात उतरला तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, फार लवकर खराब होते.

एका आजींनी नातवाच्या पायाला आठ दिवस वास येत असताना सांगितलं नव्हतं, का तर डॉक्टर रागावतील. तुम्ही कोणीही असं करू नका. पहिल्या दिवशी आलात, तर तार वाचवायची संधी जास्त असते.

प्रश्न : गोडी छाटणीनंतर (फळं धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) बागेत फवारण्या सुरू होतात. रिंग घेऊन गेलो तर चालेल? विहिरीत पोहायची सवय आहे. तंबाखू फक्त दिवसातून दोनदा. — द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

फवारणीच्या दिवशी बागेत जाऊ नका. इतर दिवशी रिंगवर स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची सैल पिशवी चढवून बांधावर खुर्ची टाकून बसा, मजुरांवर देखरेख करा. टाके सुकले आणि सर्जननं हो म्हटलं, की नळाच्या पाण्यानं आंघोळ चालते. नंतर रिंग आणि तारा स्वच्छ टॉवेलनं कोरड्या करा. विहीर, पाट, शेततळं, सगळं बंद.

आणि भाऊ, दोनदाची तंबाखूही नको. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, नवं हाड उशिरा पक्कं होतं आणि तारांची तोंडं चिघळत राहतात. इतके पैसे आणि महिने घालून लांबवलेलं हाड त्यासाठी पणाला लावू नका.

प्रश्न : पर्वणीला नातीला रामकुंडात एक डुबकी द्यावी म्हणतो. मांडीत पिना आहेत. — आजोबा, पंचवटी

आजोबा, डुबकी नको. तीर्थ तिच्या कपाळाला लावा, पायाला नाही. एवढ्या गर्दीत कोणाचा धक्का रिंगला लागला तरी पिन हलेल. रिंग निघाल्यावर आणि तोंडं भरल्यावर तिला जरूर घेऊन जा.

प्रश्न : मुलीच्या मांडीला रिंग आहे. गुडघा वाकवला की पिनांपाशी दुखतं, म्हणून ती व्यायाम करत नाही. आम्हीही जबरदस्ती करत नाही. — वडील, सिडको

तुमचा जीव तुटतो हे समजतं, पण व्यायाम सोडू नका. मांडीत कातडी आणि हाड यांच्यामध्ये स्नायू जाड असतो, त्यामुळे तिथे लस जास्त येते आणि हलताना ओढही जास्त बसते. सफाई झाल्याबरोबर, गॉजनं कातडी स्थिर करून, सांगितलेल्या वेळी घेतलेल्या वेदनाशामकानंतर अर्ध्या तासानं व्यायाम घ्या. एका बैठकीत जास्त करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा. हाड लांब झालं आणि गुडघा आखडला, तर तिला जमिनीवर मांडी घालून बसता येणार नाही.

प्रश्न : रिंग काढल्यावर भोकं तशीच राहतात का? — विद्यार्थिनी, नाशिक रोड

नाही. बहुतेक तोंडं आठ-दहा दिवसांत भरतात, टाके लागत नाहीत. बारीक खड्ड्यासारखा व्रण राहतो आणि वर्षभरात फिका होतो. महिन्यानंतरही एखाद्या जागेतून स्राव येत असेल, तर एक्स-रे काढून घे. क्वचित हाडाचा मेलेला छोटा तुकडा आत राहिलेला असतो. तो काढला की तोंड मिटतं.