फी तुमची, मार्क मुलाचे

अमेरिकेत मूल कॉलेजात गेलं की आईबापांना पहिला धक्का फीचा बसत नाही, पोर्टलचा बसतो. शाळेत होतं तोवर रोज रात्री मार्क बघायची सवय लागलेली. कॉलेजात ते बंद. 1974 च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, मग फी कोणीही भरो.

म्हणजे आता ते सांगेल तेवढंच आपल्याला कळणार. फोनवर “इंटर्नशिपचं काय झालं?” विचारलंत तर “बघतोय” एवढंच ऐकू येईल. माझा मुलगा पहिल्या सत्रात कोडिंगबद्दल कुरकुरायचा, पण एकदा स्टॅटिस्टिक्सच्या असाइनमेंटवर वीस मिनिटं बोलत सुटला. मी मध्येच “पण त्यात नोकऱ्या...” म्हणाले. पुढचे तीन रविवार फोन दोन मिनिटांत आटोपला. तेव्हापासून मी फक्त विचारते, “या आठवड्यात कुठला तास बुडवावासा वाटला नाही?”

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, लगेच ठरलं नाही म्हणून घाबरू नका. बऱ्याच कॉलेजांत दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत असते. इंजिनिअरिंगचं मात्र वेगळं, तिथे मागाहून शिरकाव अवघड जातो. ते आधीच तपासायला सांगा.

इंटर्नशिपसाठी महाराष्ट्र मंडळात ओळखी भरपूर असतात. पण “जरा आमच्या पोराचं बघा ना” नको. मुलाशी वीस मिनिटं बोलाल का, एवढंच विचारा आणि ईमेल मुलालाच लिहू दे. वाचून दुरुस्त करायचा मोह होतो, मलाही झाला होता.

खरा गृहपाठ आपला आहे, तो व्हिसाचा. एच-4 वरच्या, म्हणजे आईबापांच्या एच-1बी नोकरी-व्हिसाच्या आधारे राहणाऱ्या मुलाला पगारी इंटर्नशिप करता येत नाही आणि 21 वर्षं पूर्ण झाली की एच-4 संपतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, मिळतं, पण त्यासाठी साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं असावं लागतं. शिवाय एच-4 चा एफ-1 करायला कित्येक महिने लागू शकतात. मुलाला शेजारी बसवून या तारखा पहिल्याच वर्षी कॅलेंडरवर मांडा, वकिलालाही दाखवा. आम्ही त्या तिसऱ्या वर्षी मांडल्या. ऑफर हातात होती, अर्ज अडकलेला होता, आणि तो अख्खा उन्हाळा पोरगं घरी बसलं.