तांबी मानवत नाही, हे कसं ओळखायचं?

प्रश्न : वय 29. दिवस राहू नयेत म्हणून तांबी (कॉपर-टी) बसवून दोन महिने झाले. पाळी आता आठ दिवस चालते, कळाही येतात. काढून टाकू का?

उत्तर : घाई नको. तांब्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला हलकी सूज येते, म्हणून पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव आणि कळा वाढतात. पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर पाळीत जेवणानंतर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम घेता येते. हिमोग्लोबिन मात्र तपासाच. आपल्याकडे बायका थकवा अंगावर काढतात. सहा महिन्यांनीही स्राव कमी झाला नाही किंवा हिमोग्लोबिन घसरत राहिलं, तर तांबी मानवत नाही असं समजा.

खरी काळजी वेगळ्या खुणांची. ताप, दुर्गंधी स्राव, ओटीपोटात सतत दुखणं हा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याचा धोका पहिल्या तीन आठवड्यांत जास्त. पाळीनंतर हात धुऊन योनीत बोटाने तांबीचा दोरा चाचपा. तो लांब झाला, सापडेना किंवा टोकाशी कडक प्लास्टिक लागलं, तर तांबी सरकली असेल. सोनोग्राफी होईपर्यंत निरोध वापरा. पाळी चुकली आणि एका बाजूला दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, गर्भ गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत असू शकतो. तासाला एक पॅड असे सलग दोन तास भिजले, तरीही थांबू नका.

दोरा स्वतः ओढू नका. काढायचं ठरलं आणि दिवस राहायला नको असतील, तर आधीचे सात दिवस निरोध वापरा.