थंड देशांत ऊब वाढली तर तिथल्या शेतीचा फायदाच होईल ना?

थोडा होतो, दक्षिण इंग्लंडमध्ये वाईनची द्राक्षं आता चांगली पिकतात. पण नुकसान वेळ चुकल्यामुळे होतं. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालची सुमारे १००० तास थंडी लागते. ती कमी पडली की फुलोरा विरळ आणि मागेपुढे येतो. फ्रान्समध्ये २०२१ च्या मार्चची अखेर फार उबदार गेली, द्राक्षवेली लवकर फुटल्या आणि एप्रिलच्या गारठ्यात कोवळे फुटवे काळे पडले. शेतकरी रात्र रात्र मळ्यात जाळ करून बसले होते. आपल्या खानापूर-बेळगावकडे सुगीत कापलेलं भात शिवारात असताना अवकाळी पाऊस येतो, लोंब्यांना तिथंच कोंब फुटतात, तसंच हे. फक्त भाताची जात पुढच्या वर्षी बदलता येते. सफरचंदाची बाग लावली की वीस-पंचवीस वर्षं तीच.