विचारा, सांगतो : पंखाखालचं ओझं

गेल्या अंकात माझ्या टेबलावरच्या मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाच्या मॉडेलबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्याच्या पंखाखालच्या जादा पेट्रोलच्या टाक्यांवर इतकी पत्रं आली, की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलतोय. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी हवाई दलात आर्मामेंट फिटर होतो. म्हणजे विमान उडवणारा नव्हे, विमानाला खालून जे टांगतात ते टांगणारा. माझ्या नोकरीत जेट विमानं आली होती, पण कडी आणि आकडा तोच.

मी पी-५१ मस्टँगचं १/४८ मापाचं मॉडेल जोडतोय. डब्यात दोन टाक्या, दोन बॉम्ब आणि सहा रॉकेटं आहेत. सगळं लावू का? दादा म्हणतो, विमान आहे की बोहारणीची पाटी? (कोथरूड, इयत्ता नववी)

दादाची उपमा मला आवडली. पण सगळं लागणारच नाही रे. मस्टँगच्या प्रत्येक पंखाखाली मोठं काही टांगायची जागा एकच. तिथे टाकी लाव नाहीतर बॉम्ब लाव, दोन्ही नाही. शेवटी शेवटी आलेल्या पी-५१डी विमानांना टाक्यांच्या जोडीला सहा रॉकेटं घेता येत, टाक्या-बॉम्ब नसतील तर दहा. तेव्हा टाक्या आणि सहा रॉकेटं चालतील. पण तुझं विमान १९४४ मधलं, इंग्लंडहून बर्लिनकडे निघालेलं असेल, तर नुसत्या टाक्या लाव आणि बॉम्ब डब्यात ठेव. बर्लिनला जायचं तर बॉम्बपेक्षा पेट्रोल महत्त्वाचं.

आता हिशेब बघ. पी-५१डीच्या दोन्ही पंखांत मिळून १८४ अमेरिकी गॅलन आणि पायलटच्या पाठीमागे ८५ गॅलनची आणखी एक टाकी. म्हणजे आतलं साधारण १,०१८ लिटर. त्यात बाहेर ७५ गॅलनच्या दोन टाक्या टांगल्या की आणखी ५६८ लिटर. १०८ गॅलनवाल्या टांगल्या तर ८१८. एकेका टाकीतल्या पेट्रोलचं वजनच तीनशे किलोच्या आसपास! पुढे १९४५ च्या एप्रिलपासून हीच विमानं इवो जिमा बेटावरून समुद्रावरून जपानपर्यंत जाऊन परत येत. सात-आठ तास एका खुर्चीत, एकटा माणूस. मला पुणे-नागपूर रात्रीच्या गाडीत पाय सुन्न होतात.

तुझ्या आजोबांकडे चेतक स्कूटर होती का विचार. तिच्या पेट्रोलच्या कॉकला मेन आणि रिझर्व्ह असे टप्पे. मस्टँगच्या कॉकपिटमध्ये तसाच कॉक, फक्त टप्पे पाच : डावा पंख, उजवा पंख, पाठची टाकी आणि बाहेरच्या दोन. तो फिरवायचा क्रम ठरलेला होता. उड्डाण डाव्या पंखावर, कारण कार्ब्युरेटरकडून परत येणारं जास्तीचं पेट्रोल डाव्याच टाकीत यायचं, तर आधी तिथे जागा करायची. मग पाठच्या टाकीतलं बरंचसं संपवायचं. ती भरलेली असली की विमानाची शेपूट जड, आणि अशा विमानानं झटक्यात वळायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यानंतर बाहेरच्या टाक्या आलटून पालटून, एक पंख जड होऊ नये म्हणून. शत्रू दिसला की बाहेरच्या टाक्या सोडून द्यायच्या, अर्ध्या भरलेल्या असल्या तरी. बॉम्ब असो की टाकी, सोडायचं बटण एकच, स्टिकच्या म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या माथ्यावर. त्याआधी कॉक आतल्या टाकीवर फिरवायचा विसरला, तर इंजिन ऐन वेळी खोकायला लागणार. परत यायचं पेट्रोल आत, जायचं पेट्रोल बाहेर, ही सगळी युक्ती.

जर्मनांचं उलट झालं होतं. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर जाणाऱ्या बहुतेक मेसरश्मिट १०९ विमानांना बाहेर टाकी टांगायची सोयच नव्हती. लंडनवर पोचायचं, दहा-पंधरा मिनिटं लढायचं आणि इंधनाच्या काट्याकडे बघत खाडी ओलांडायची. ती सोय पुढच्या मॉडेलात आली, ३०० लिटरच्या टाकीची. आणि जपान्यांचं झिरो हे लढाऊ विमान त्याच वर्षी पोटाखाली ३३० लिटरची टाकी लावून चीनमध्ये दूर दूर फिरत होतं! विमान चांगलं की वाईट, हे पुष्कळदा किती लिटर नेता येतं त्या एका आकड्यावर ठरतं, पण पुस्तकात फोटो छापतात ते टाकी नसलेल्या विमानाचे.

मॉडेलसाठी एक सूचना. टाकीच्या दोन्ही बाजूंना पायलनमधून, म्हणजे टाकी टांगायच्या पंखाखालच्या खांबातून, आलेले छोटे टेकू असतात, आमच्याकडे त्यांना स्वे ब्रेस म्हणत. ते टाकीला नीट टेकलेले दिसायला हवेत. नवीन असताना मी एका विमानाची टाकी चढवली आणि एका बाजूचा टेकू हातानंच फिरवून सोडला, पाना लावला नाही. सार्जंट साहेब आले, टाकीला दोन्ही हातांनी एक धक्का दिला, ती डुलली. मला काही बोलले नाहीत. त्या दिवशी तळावरच्या प्रत्येक विमानाची प्रत्येक टाकी मला हलवून बघायला लावली. अजूनही बाजारात भाजीची पिशवी स्कूटरला अडकवली की मी ती एकदा हलवून बघतो, बायको हसते.

कागदाच्या टाकीत पेट्रोल भरून विमानं उडवली, असं तुम्ही लिहिलंत. कागद की पुठ्ठा की लिहिताना झालेली चूक? (सदाशिव पेठ, निवृत्त शिक्षिका)

बाई, चूक नाही. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या १०८ गॅलनच्या टाक्यांपैकी काही धातूच्या, पण पुष्कळ खरोखरच कागदाच्या होत्या. जाड कागदाचे थर रसायनात भिजवून, चिकटवून, दाबून बनवलेल्या. गणपतीच्या कागदी लगद्याच्या मूर्तीचा एक चुलतभाऊ म्हणा. पेट्रोल फार वेळ राहिलं तर चिकटवण आणि कागद दोन्ही हार मानत, म्हणून निघायच्या थोडं आधी भरायच्या. उरलं तर राहू दे उद्यापर्यंत, हा प्रकार नाही. पण टाकी एकदाच वापरायची होती ना! ॲल्युमिनियम वाचलं, आणि जर्मनीच्या शेतात पडलेली टाकी वितळवून शत्रूला काही मिळायचं नाही.

टाकीहून विमानात जाणाऱ्या नळीत काचेचा तुकडा बसवत. टाकी सुटली की काच फुटायची आणि नळी मोकळी. मला त्या काळातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा हा काचेचा तुकडा जास्त आवडतो. आणखी एक भानगड : खूप उंचावर हवा इतकी विरळ, की बाहेरच्या टाकीतलं पेट्रोल वर ओढलं जात नसे. कॉकपिटमधली काही यंत्रं व्हॅक्यूम पंपावर चालत. त्या पंपातून बाहेर फेकली जाणारी हवा टाकीत सोडून दाब दिला, की पेट्रोल येऊ लागे. बाहेर टाकायची हवा कामाला लावली. पुणेरी काटकसर म्हणायला हरकत नाही.

पोटाखालचा बॉम्ब सोडला, तर पुढच्या पंख्यात अडकत नाही का? (निगडी)

सपाट उडताना नाही. बॉम्ब खाली जातो, पंखा पुढे. पण विमान सरळ खाली झेपावत असेल, तेव्हा ‘खाली’ म्हणजेच ‘पुढे’! बॉम्बला हवेचा अडथळा विमानापेक्षा कमी, म्हणून तो विमानाच्या पुढे सरकतो आणि पंखा नेमका तिथेच. म्हणून जर्मनांच्या स्टुका विमानात पोटाखाली पाळण्याच्या दांड्यांसारखी चौकट होती. ती बॉम्बला बाहेर झुलवून पंख्याच्या कक्षेपलीकडे नेऊन सोडायची. लढाऊ विमानांनी सोपा मार्ग घेतला : बॉम्ब पंखांखाली, पंख्याच्या घेराबाहेर. पोटाखाली बॉम्ब असेलच, तर उतार कमी ठेवायचा.

रॉकेटं पंखाखाली नुसती खिळ्यावर अडकवल्यासारखी दिसतात, नळी का नाही? (सातारा)

दिवाळीतला बाण बाटलीत का ठेवतो? सुटताना तो हळू असतो, शेपटीची काडी काम करण्याइतका वेग नसतो. तोवर त्याला सरळ धरून ठेवायला काहीतरी लागतं. विमान मात्र आधीच ताशी चार-पाचशे किलोमीटरनं चाललेलं, रॉकेटच्या शेपटीवरून वारा आधीच वाहतोय. लांब रूळ नसला तरी ते सरळ जातं. ब्रिटिशांनी सुरुवातीला लांब रूळ लावले. त्यांच्या टायफून या लढाऊ विमानावर आठ रॉकेटं, प्रत्येकाच्या नाकात साठ पौंडांचा गोळा. अमेरिकनांनी पुढे पाच इंची रॉकेटांना दोन छोटे खुंट पुरवले. नळ्याही होत्या, अमेरिकनांच्या थंडरबोल्ट विमानाच्या पंखाखाली तीन-तीनचा जुडगा असायचा. पण त्या नळ्या रॉकेट गेल्यावरही वारा अडवत राहतात.

ही रॉकेटं नेमकी लागत नसत, हेही सांगायला हवं. रणगाड्यावर मारलेल्यांपैकी फारच थोडी रणगाड्याला लागत. ज्यांच्या दिशेनं ती येत त्यांना हा हिशेब सुचत नसे, ही वेगळी गोष्ट. रॉकेटची विजेची वायर अगदी शेवटी, विमान निघण्याच्या बेतात असताना जोडायची. आणि रॉकेटच्या पुढे उभं राहू नये हे सगळ्यांना कळतं, मागे उभं राहू नये हे शिकवावं लागतं.

आपल्याकडे अशी विमानं होती का? (विश्रांतवाडी)

होती की. पुढे हवाई दलप्रमुख झालेले अर्जन सिंग १९४४ मध्ये इम्फाळला भारतीय हवाई दलाच्या एक नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते, ती हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांची स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पंखांखाली दोन २५० पौंडी बॉम्ब लावलेली हरिकेन होती, आणि ब्रिटिशांच्या २० नंबरच्या स्क्वाड्रनकडे पंखाखाली ४० मिलिमीटरच्या दोन तोफा लावलेली. स्वातंत्र्यानंतर काश्मीरमध्ये टेंपेस्ट ही लढाऊ विमानं वापरली. तिच्या पंखाखालच्या ४५ गॅलनच्या टाक्यांना पंखाशी जोडणारं आवरण पारदर्शक प्लास्टिकचं असे. मॉडेलवाले ते हमखास रंगवून टाकतात. दिल्लीला गेलात तर पालमच्या संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर आणि टेंपेस्ट तिन्ही बघा.

नॉर्मंडीत टाकीतून बिअर नेली हे खरं का? (नाव नको म्हणाले)

खरं. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्यासाठी स्पिटफायर लढाऊ विमानांच्या टाक्या धुऊन त्यातून नेली. पहिल्या खेपांना पेट्रोलचा वास यायचा म्हणतात. मग बॉम्बच्या जागी सरळ पिंपं टांगायला लागले.

बोपोडीच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे दोन्हीकडून टोकदार, लांबट, धातूचं काहीतरी पडलंय. शेपटीला पत्रे आहेत. जुनी विमानाची टाकी असेल का? घेऊ का? (खडकी)

टाकीला वर भरायचं झाकण असतं, नळ्यांची तोंडं असतात, पत्रा पातळ असतो, आणि हे सगळं मी तुम्हाला तुम्ही ते ठोकून बघावं म्हणून सांगत नाहीये. काही टाक्यांनाही शेपटीला पत्रे असतात, आणि बॉम्बला तर असतातच. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे, त्या परिसरात अशा वस्तूकडे मी तरी गंमत म्हणून बघणार नाही. हलवू नका, हलवू देऊ नका, ११२ ला फोन करा. ती रिकामी टाकी निघाली तर भंगारवाल्याशी भाव करायला मी स्वतः येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांनी असल्या टाक्यांना चाकं लावून शर्यतीच्या गाड्या केल्या होत्या, माझ्या गॅरेजात जागा आहे. फोटो काढायचाच असेल तर रस्त्याच्या पलीकडून काढा.